करपलेलं आदण

माझ्या नातीला अंधार ठाऊक नव्हता. दिवाळीला आईचं बोट धरून ती माझ्याकडं आली, त्याच दिवशी सांजेला उसाच्या शेंड्यांवरचा उजेड गेला आणि पाच वर्षांची निशिगंधा अंगणाच्या मधोमध उभी राहून मला विचारायला लागली, "आज्जी, कुणी इझवलं?"

काय इझवलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, सगळंच.

तिच्या गावाला अंधार पडत नाही. गुजरातेत कुठल्याशा माळावर तेलाच्या आणि गॅसच्या विहिरी पाडल्यात. तिथं एका उंच नळीच्या तोंडाला बारा महिने जाळ पेटलेला असतो. तेलाबरोबर नको असलेला गॅस वर येतो, तो तिथं जाळून टाकतात म्हणे. त्या जाळानं ह्यांच्या घराच्या भिंती रात्रभर केशरी असतात. सूर्य झोपायला गेला की आमच्याकडं खांबावरचा दिवा जागा राहतो, असं निशी मला समजावून सांगायची. चांदण्या तिनं फक्त गोष्टीत ऐकल्या होत्या. माझ्या अंगणात तिनं त्या पहिल्यांदा बघितल्या आणि कुणाला धक्का लागून सांडतील की काय अशा चालीनं ती हळूहळू घरात आली.

माझ्या लेकीला, वर्षाराणीला, मी काही त्या माळावर दिली नव्हती. दिली होती गडमुडशिंगीला, म्हणजे इथनं, कागलातनं, हाकेच्या अंतरावर. जावई सम्राट हाताचा गोड माणूस. एका दोस्ताच्या सांगण्यावरनं तो तिकडं गेला आणि विहिरी पाडणाऱ्या माणसांसाठी त्यानं खानावळ टाकली. कुठल्या कुठल्या मुलखांतली ती माणसं आमच्या तांबड्या रश्शावर तुटून पडायची. खानावळ वाढली, मागं घर झालं. मी इकडं सांगत फिरायची, माझा जावई तेलाच्या विहिरीवर हाय. निम्म्या कागलाला वाटायचं विहीर जावयाचीच आहे. ज्याला जे वाटतं ते वाटू द्यावं, लोकांची समजूत दुरुस्त करत बसायला मी काय शाळामास्तर आहे?

लेक आली ती निम्मी होऊन. डोकं धरून बसायची. निशीला खोकला, आणि खेळता खेळता मधेच तिचा घोळणा फुटायचा, नाकातनं रक्त यायला लागायचं. पोरगी रडायची नाही. मान वर करायची आणि चिमटीत नाक धरून, जशी काय शिंक आलीय, अशी उभी राहायची. एवढ्या लहान पोरीला ती सवयच झाली होती. वर्षाराणी म्हणायची, उष्णता आहे, तिकडं समद्याच पोरांचं असं होतं. मागच्या वर्षी तिच्या पोटातलं गेलं, तेव्हाही तिकडच्या बायका म्हणाल्या होत्या की इकडं असं होतं. मी म्हटलं, कसलं गाव गं ते, जिथं समद्यांचंच असं होतंय आणि कुणालाच काही वाटत न्हाय?

पण खरी गोष्ट मला कळली ती गुऱ्हाळात.

कागलजवळ दूधगंगेच्या काठाला आमचं गुऱ्हाळ आहे. मालक गेल्यापासून मी चालवते. कोल्हापूरच्या मार्केटात माझ्या गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, फडकं असतं आणि फडक्यावर माझ्या नावाचा कागद असतो. तो कागद बघितला की व्यापारी रवा फोडून बघत नाही. माझ्या गुऱ्हाळातनं करपलेला रवा बाहेर पडलेला कुणी दाखवावा, त्याच्या घरी पाणी भरीन.

काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की मळी वर येते. ती काढून टाकत राहायचं. मग रस जड होतो, रंग धरतो, आणि शेवटाला एक घडी अशी येते की त्याचा वास पालटतो. त्याच्या आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही आणि ती घडी गेली की करपतो. आमचा गुळव्या जोतीराम पाण्यात थेंब सोडून गोळी वळते का बघतो. पण वर्षाराणी परकर नेसत होती तेव्हापासून लांब बांधावर उभी राहून नुसत्या वासावर सांगायची, आता उतरवा. जोतीरामाची गोळी वळेपर्यंत पोरीचं सांगून झालेलं असायचं. म्हणून मी घरात रीतच पाडली होती. एका काहिलीत शिजतं ते एक आदण. मोसमातलं पहिलं आदण वर्षाराणीच्या शब्दावर उतरायचं. खानावळीच्या धबडग्यात मधली काही वर्षं तिला येता आलं नाही, तेव्हा जोतीरामानं भागवलं. औंदा ती होती. मी जोतीरामाला दम देऊन ठेवला, आज तोंड उघडायचं न्हाय, आज माझी लेक सांगणार.

सकाळची वेळ. नदीवरचं धुकं आणि काहिलीची वाफ एकमेकांत शिरलेली. माणसं कमरेच्या खाली दिसत नव्हती. जोतीराम लांब दांड्यानं रस ढवळत होता, तर तो ढगात नाव वल्हवतोय असं वाटत होतं. वर्षाराणी काहिलीजवळ उभी होती. डोळे मिटलेले, ओठांवर हसू. वाफ तिच्या तोंडावरनं जायची, ती दिसायची, परत जायची. मला वाटलं, पोरगी वासानं धुंद झालीय. मला माझीच लेक लहान दिसायला लागली.

वास पालटला. मी तिच्याकडं बघितलं. ती हसतच होती.

वास दाट झाला आणि मग त्याला टोक आलं. चुलवाणाजवळ निजलेलं कुत्रं उठलं आणि लांब जाऊन बसलं. जोतीराम माझ्याकडं बघतोय, मी लेकीकडं बघतेय, आणि ती त्या वाफेत अशी उभी, जशी काय कुणी तिला दुसऱ्याच गावाला उभं केलंय. शेवटी जोतीरामानं माझा दम मोडला, गड्यांना हाक घातली आणि काहील ओढून काढली. तळ धरला होताच. ते आदण म्हशींच्या आंबोणात गेलं.

वर्षाराणी म्हणाली, "आई, मला वाटलं तू सांगशील."

"मी का सांगू? तुझ्या नाकाला काय झालं?"

ती खाली बघत म्हणाली, "मला वास येत न्हाय. कशाचाच येत न्हाय. लई दिस झालं."

दुपारी चिपाडाच्या ढिगावर बसून तिनं सगळं सांगितलं. पहिल्यांदा ते तिथं राहायला गेले तेव्हा सांजेला वारं फिरलं की नासक्या अंड्यासारखा वास घरात शिरायचा. अन्न खाववायचं नाही. सम्राटनं दोनदा तिथल्या साहेबांकडं जाऊन भांडण काढलं होतं. मग कधीतरी तो वास कमी होत गेला आणि एक दिवस गेलाच. साहेबांनी ऐकलं, काहीतरी दुरुस्ती केली, असं सगळ्यांनी धरलं. सम्राटला इतका आनंद झाला की त्यानं खानावळीत पेढे वाटले. मग हळूच तिच्या ध्यानात आलं की पेढ्याला वास नव्हता. मसाला भाजताना येईना, लेकराच्या टाळूला तेल लावताना येईना. मसाला ती हाताच्या सवयीनं टाकत राहिली. एकदा नासलेल्या दुधाचा चहा गिऱ्हाइकांपुढं गेला आणि कुणीतरी कप आपटला. सम्राट तिला बोलला, तुझं लक्ष कुठं असतं. आणि तोच चहा त्यानं स्वतः सकाळी प्यालेला होता.

हे सांगताना ती थांबली. त्यालाही वास येत नाही, हे तिलाही तेव्हाच कळलं असावं.

मी तिला कोल्हापुरात नाक-कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डोळे मिटायला लावून कॉफी, कापूर, लवंग एकेक नाकाखाली धरलं. ती दर वेळेला नाही म्हणायची, एखाद्या परीक्षेत नापास होत चालल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, शपथेवर सांगायचं तर तिकडची हवा तपासावी लागेल. पण नासक्या अंड्याच्या वासाचा तो गॅस असतो, तो नाकाला थकवतो. वास यायचा थांबला म्हणजे गॅस थांबला असं धरू नका. पोरीचं नाक, तुमचं डोकं, ह्याचं मूळ तिथं असू शकतं. तिथं परत राहायला जाऊ नका, पोरीला तर नेऊच नका.

मी वाटेतच ठरवलं, आता पाठवायची नाही. पण वर्षाराणी एसटीच्या खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली की त्यांनी हाडाची काडं करून उभं केलंय, ते मोडा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू. संक्रांतीला ते न्यायला येतील आणि मी जाईन. फोनवर सम्राटचं म्हणणं एकच होतं, डॉक्टर लोक भ्या घालतात, वास होता तो मागंच गेला, आता हवा चोख हाय. स्वतःच्या नाकावर माणसाचा किती विश्वास असतो.

अंबूबाई शेजारीण कधी नव्हे ती मीठ मागायला आली आणि लेक किती दिस राहणार म्हणून विचारून गेली. तिला मी मीठ दिलं. तुझ्या चुलीवर जेवतीया का ती, हेही दिलं.

थंडी वाढत गेली आणि निशीचा खोकला कमी झाला. घोळणा फुटायचा बंद झाला. एक दिवस ती गोठ्यातनं पळत आली आणि म्हणाली, आज्जी, म्हशीच्या खाली कसला तरी वास हाय. शेणाचा होता. शेणाच्या वासानं इतकं हरखलेलं माणूस मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यानंतर तिला नादच लागला. म्हशीच्या कपाळाला नाक लावायची, ओल्या मातीला लावायची, माझ्या पदराला लावायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मग जे सापडेल ते आईच्या नाकाखाली धरायची. झेंडू, पेरू, कोथिंबिरीची काडी. "आला?" म्हणून विचारायची. वर्षाराणी म्हणायची, न्हाय बाळा. पोरगी म्हणायची, मग उद्या.

एका दुपारी गुऱ्हाळातच माझा डोळा लागला. बघते तर माझ्या उसात तो जळता खांब उगवलाय. ऊस हलतोय पण पाल्याचा आवाज नाही. सगळं गाव बांधावर उभं राहून वर बघतंय आणि सगळ्यांची तोंडं गुळाच्या रव्यासारखी गुळगुळीत, त्यांवर नाकच नाही. आणि सगळे हसतायत. गर्दीत मी लेकीला शोधत होते. तोंडावरनं ओळखू येईना, म्हणून मी एकेकाचा हात हातात घेऊन बघत चालले होते. मला जाग आली तर निशी माझ्या नाकाखाली पेरूची फोड धरून बसली होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सम्राट आला. निशीला नवे बूट, मला शाल, वर्षाराणीला साडी. माणूस वाईट नाही. माडीचा जिना चढताना मात्र दोनदा थांबून खोकला. म्हणाला, आक्का, सणाचं जेवतो आणि परवा ह्यांना घेऊन निघतो. तिकडं आणखी एक विहीर पाडायला घेतलीया, माणसं वाढणार, खानावळीला नवा हॉल काढायचाय.

मी हुज्जत घातली नाही. वर्षाराणी माझ्याकडं बघतच राहिली, आईची जीभ कुणी नेली म्हणून. मी एवढंच म्हटलं, जायच्या आधी गुऱ्हाळात या, पावणं. जावयाला गरम गूळ दिल्याबिगर मी घालवत न्हाय.

संक्रांतीच्या सकाळी जोतीरामाला बाजूला घेऊन सांगितलं, "आज माझ्या शब्दाबिगर काहील उतरवायची न्हाय. काय बी झालं तरी."

"आक्का, करपंल की."

"करपू दे."

स्वतःचं पोर आडात टाकायला सांगावं तसा तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं दांडा हातात घेतला.

काहिलीची वाफ जिकडं जात होती तिकडंच मी बाज टाकली. सम्राट बसला, शेजारी वर्षाराणी शेंगा सोलत बसली. निशी पार उसाच्या दुसऱ्या टोकाला पाटाच्या पाण्यात पानं सोडत होती. सम्राट नव्या हॉलचं सांगत होता, हातानं हवेत भिंती उभ्या करत होता. वाफ यायची, त्याच्या भिंती पुसायची, तो परत उभ्या करायचा. धुकं अजून उठलं नव्हतं. दोघं एकमेकांकडं बघून हसत होती. लग्नात पाटावर बसली होती तशी दिसत होती.

वास पालटला. माझी जीभ आपोआप उचलली गेली, उतरवा म्हणायला. मी ती दाताखाली धरली. वास दाट झाला. मग टोचायला लागला. जाळ घालणाऱ्यानं हातातलं चिपाड खाली टाकलं. मळी काढणाऱ्यानं टॉवेल तोंडावर घेतला. एकेक गडी मागं सरला. पलीकडच्या रानातनं कुणीतरी ओरडून विचारलं, आक्काच्या गुऱ्हाळात कोण हाय का न्हाय? त्या आवाजानं माझी मान खाली गेली असती, पण मी ती जाऊ दिली नाही. काळा धूर बाजेवरनं जायला लागला, आणि त्या धुरात माझी लेक आणि जावई चांदण्यात बसावं तसे बसलेले. ती शेंगा सोलतेय. तो हॉलला खिडक्या किती ठेवाव्यात ते सांगतोय.

तेवढ्यात उसातनं निशी पळत आली. एक हात नाकावर घट्ट. "आज्जी, करपलं. बाबा, करपलं की."

सम्राट हसला. "काय करपलं गं माझ्या बायचं?"

मी म्हटलं, "पावणं, जरा वास घ्या आणि सांगा, कसला येतोय."

त्यानं मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि माझं मन राखायला म्हणाला, "गुळाचा. झक्कास."

कुणी हसलं नाही. मग त्याला गड्यांच्या तोंडावरचे टॉवेल दिसले. लेकीचा नाकावरचा हात दिसला. तो उठला आणि काहिलीपाशी गेला. आत त्याच्या विहिरीतल्या तेलासारखं काळं काहीतरी जाड बुडबुडे काढत होतं. जोतीरामाच्या दांड्याला चिकटलेलं थोडं त्यानं बोटावर घेतलं, फुंकलं, जिभेला लावलं. त्याचं तोंड वाकडं झालं.

"कडू हाय," तो म्हणाला. बोट नाकाशी नेलं. परत नेलं. "पर वास न्हाय."

मी हाताची खूण केली तसं गड्यांनी काहील ओढून काढली. सम्राट चुलवाणाच्या कठड्यावर बसला. बराच वेळ बोटाकडंच बघत होता.

"आक्का, आमी पेढं वाटलं."

"ठावं हाय मला."

"म्हंजे तो वास…"

"तिथंच हाय, पावणं. तुमास्नी कळायचा थांबला."

वर्षाराणीच्या ओटीतल्या शेंगा खाली सांडल्या होत्या. तिनं त्या गोळा केल्या नाहीत. निशीचा नाकावरचा हात तिनं हळूच बाजूला केला आणि विचारलं, "कसा येतोय, सांग की मला."

पोरगी विचार करून म्हणाली, "जळक्या भाकरीसारखा. पर गोड."

वर्षाराणीनं डोळे मिटले. तो वास तिला आठवत होता की नाही, मी विचारलं नाही. सम्राट तिच्याकडं बघत होता. मग खाली बघत म्हणाला की मी एकटाच जातो, आवरून येतो. हायवेला, कागलाच्या नाक्यावर, रश्शाला गिऱ्हाईक काय कमी हाय. वर्षाराणीनं पदरानं त्याचं काळं झालेलं बोट पुसलं.

दुपारपर्यंत ते करपलेलं आदण जोतीरामानं डब्यांत ओतून थंड केलं. रवे कसले, काळे दगड. खड्ड्यात पुरू का, म्हणून त्यानं मला हळूच विचारलं. पण सम्राट मधेच म्हणाला, "आक्का, त्यातला एक मला द्या."

कशाला, म्हटलं.

तिकडं घरं लई हायत, तो म्हणाला. समदी म्हणतात वास गेला. हा रवा खानावळीत जाळावर ठेवतो, आणि कोण उठून भायेर जातंय, कोण जेवत बसतंय, बघतो. जे बसतील त्यांना सांगतो.

मी रवा उचलला. चांगलं धुतलेलं फडकं आणवलं, स्वतः गुंडाळलं, आणि पेटीतनं माझ्या नावाचा कागद काढला. जोतीराम मधे आला. म्हणाला, आक्का, कागद नको, नाव जाईल.

"डिंक आण," मी म्हटलं.

कागद चारी कोपऱ्यांनी दाबून बसवला. चिमणाबाईच्या गुऱ्हाळातनं करपलेला रवा पहिल्यांदा बाहेर पडला तो असा. ज्यांच्याकडं जाणार होता, त्यांना तो कुणी मुद्दाम करपवला हे कळायला पाहिजे होतं.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. सांजेला सम्राट अंगणात आला तसं निशीनं त्याचा हात धरला, मधोमध नेऊन त्याला जमिनीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या मांडीवर बसली. उसाच्या शेंड्यांवर अजून उजेड होता. तो काहीतरी बोलायला लागला तर तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हालू नका, बाबा," ती म्हणाली. "आता इझतंय बघा."